नीलाबाईची टराम कोणासाठी उतरत नाही

नीलाबाई पुंगाटीनं आपली टराम आजवर कोणासाठी रुळावरून उतरवली नाही. नवऱ्यासाठी नाही, व्याह्यासाठी नाही, आणि एकदा तर गावातल्या वरातीसाठीही नाही. नवरदेव हळद लावलेल्या अंगानं तिच्यापुढं हात जोडून उभा राहिला, तर ही म्हणते कशी, "नवरी पळून नाई चालली, बापू. माही टराम भरली हाय, तुही रिकामी हाय. उतरव." वरात नवरी आणायला निघाली होती, म्हणजे कायद्यानं रिकामीच. वऱ्हाडानं निमूटपणे आपली टराम उचलून बाजूला धरली. नवरी बसवून परत येणाऱ्या वरातीसमोर नीलाबाई उतरली असती की नाही, यावर बेहडाटोल्यात अजून वाद आहे.

भामरागडच्या जंगलात टराम कुठून आली, असं शहरातला माणूस विचारील. त्याला विचारू द्या. रस्ता कुठं गेला, हे मात्र तो कधी विचारत नाही.

नीलाबाईच्या आज्याच्या काळात गोऱ्या साहेबाच्या एका कंपनीनं इथला सागवान तोडायला घेतला. लाकूड नदीपर्यंत न्यायला वाट नव्हती, म्हणून दीड हात रुंदीचे रूळ टाकले, नाल्यावर दगडी पूल बांधला, पाणथळ जागी मातीचा उंच भराव घातला. चढावर रेडे गाडी ओढायचे. उतार लागला की रेडे सोडायचे आणि गाडी आपली आपण धावत सुटायची. मागं बसलेला एक माणूस लाकडी दांडा चाकावर दाबून तिला आवरायचा. तो माणूस म्हणजे नीलाबाईचा आजा. दांडा सुटला तर लाकूड आणि आजा दोघंही नदीत, असा हिशेब होता. पुढं कंपनीनं लहानसं इंजिन आणलं. ते लाकडावर चालायचं. जंगल न्यायला आलेलं इंजिन वाटेतच अर्धं जंगल खायचं. मग ट्रक आले, दुसऱ्या बाजूनं रस्ते झाले, सागवान संपला, कंपनी गेली, इंजिनही गेलं. रूळ मात्र राहिले, कारण रूळ टाकायला जसा हुकूम लागतो तसा काढायलाही लागतो, आणि तो द्यायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. नदीकडची लाइन एका पुरात वाहून गेली. बेहडाटोल्यापासून डांबरी रोडापर्यंतची तेवढी शाबूत राहिली.

गावानं ती फुकट जाऊ दिली नाही. कंपनीच्या जुन्या मालवाघिणींची चाकं आणि धुरे, म्हणजे चाकं जोडणारे लोखंडी आस, जंगलात पडले होते. दोन धुऱ्यांवर बांबूचा तट्टा बांधला, मागं उभं राहून बांबूनं जमीन रेटली, जसा नदीत डोंगा रेटतात तशी, की झाली टराम. आवरायला तोच आज्याच्या काळातला लाकडी दांडा. गावचा रस्ता मंजूर आहे. दर निवडणुकीला तो नव्यानं मंजूर होतो. पण पावसाळ्यात नाला भरला, धानाच्या बांध्यांत पाणी चढलं, की बाहेर निघायला भरावावरची ही टरामच. बाजार, रेशन, दवाखाना, आश्रमशाळा, सगळं तिच्यावर.

लाइन एकच. समोरासमोर दोन टरामी आल्या तर? तर रिकामी असेल तिनं उतरायचं. तट्टा उचलायचा, धुरे उचलायचे, बाजूला धरायचे, भरलेली पुढं जाऊ द्यायची, मग पुन्हा जोडून आपल्या वाटेला लागायचं. इतका साधा, सरळ कायदा. कुठल्या विधानसभेत झाला नाही, म्हणून आजवर कोणी मोडलाही नाही.

नीलाबाईनंही तो मोडला नाही. तिनं फक्त कधी रिकामं राहायचं नाही असं ठरवलं. सुरुवातीला ती टरामीवर एक भलामोठा दगड ठेवून फिरायची. रोडावरून परत येताना दुसरं काही नसलं तरी दगड असायचाच. गावात दुसरी मोठी टराम चैतूची. या चैतूला तो दगड पाहून पाहून झोप लागेना. शेवटी त्यानं पंचायत भरवली.

"दगड कुठी नेते वो तू, बाई?" चैतूनं पंचांपुढं विचारलं.

"बाजारात."

"अन् वापस काऊन आणते?"

"गिऱ्हाईक नाई भेटलं."

पंचांनी तोंडावर शेला धरून हसून घेतलं आणि दगड म्हणजे माल नव्हे असा निवाडा दिला. दुसऱ्या दिवसापासून नीलाबाईच्या टरामीवर टोपलीत दोन कोंबड्या. जिवंत वस्तू माल असते, हे पंचांनीच मागं एका बकरीच्या भांडणात ठरवलेलं होतं. तिचा नवरा मंगरू मऊ माणूस. तो म्हणायचा, "कोंबड्यायले चक्कर येते वो." ती म्हणायची, "तुले तं नाई येत ना? मंग रेट."

मंगरूचा भाचा सुरज एकदा कलकत्त्याला जाऊन आला. तिकडं शहराच्या मधोमध ट्राम चालते, वर विजेची तार, खाली रूळ, आत बाकडी, असं तो सांगत होता. मुंबईतली कधीचीच बंद झाली, आणि आता कलकत्त्याचीही बंद करून राह्यले म्हणतात. आपली पोरगी पहिली आल्यासारखं नीलाबाईचं तोंड फुललं.

"म्हंजे आता आमचीच राहीन?"

"मामी, ते वेगळं असते. थे शहराचं हाय."

"रूळ हाय का नाई? चाक हाय का नाई? माणूस बसते का नाई?"

तेव्हापासून ती बाजारात रोडकडच्या लोकांना सांगायची, "कलकत्ता अन् बेहडाटोला. बस."

अशी सगळी घडी बसलेली असताना भादव्यात कोलू पाटलाच्या फोनवर निरोप आला. रूळ ज्या खात्याचे होते, त्या खात्याला इतक्या वर्षांनी आपले रूळ आठवले होते. लाइन बंद पडलेली असेल तर ती उखडून भंगारात काढायची होती. पाहणीला बाजाराच्या दिवशी साहेब येणार, सोबत चंद्रपूरचे भंगाराचे ठेकेदार गुणवंतराव.

नीलाबाईनं ते ऐकलं आणि हातातली चुलीची फुंकणी तशीच धरून पाटलाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. रूळ गेले तर गाव चार महिने पाण्यात बेट होणार होतं, हे सगळ्यांनाच कळत होतं. तिचं आणखी एक होतं. तिच्याकडं धानाची बांधी नव्हती, बैल नव्हता. चूल चालायची ती या टरामीवर. लोकांना रोडावर न्यायचं, आणायचं, जंगलातलं जे मिळेल ते बाजारात बसून विकायचं. रूळ गेले की तिनं करायचं काय? कोंबड्या कुठं फिरवायच्या?

कोलू पाटील म्हणजे गावातला सगळ्यात सभ्य माणूस. त्यानं गाव बसवलं आणि बोलला, "साहेब पहिल्यांदा आपल्या गावी येऊन राह्यले. त्याहिले बरं वाटलं तं रूळ राहतीन. वाटेत कोणी आडवं गेलं तं काय इज्जत राहीन आपली? त्या दिवशी रुळावर कोणाचीच टराम नाई पाहिजे. लाइन मोकळी."

"मोकळी," गाव म्हणालं.

आपल्या लोकांची ही खोड जाता जात नाही. घर लुटायला माणूस आला तरी आधी खाट टाकतील, तांब्या भरून पाणी देतील, आणि मग विचारतील, कायले आलते जी?

"बाजाराचा दिवस हाय," नीलाबाई म्हणाली. "मी वास्ते काढून ठेवले. कुजतीन थे." वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यात बाजारात नुसती झुंबड उडते त्यांच्यावर.

"एक दिवस कुजले तं कुजले, बाई."

"बरं. साहेबाले आणाले कोणाची टराम जाते?"

पाटील जरा चाचरला. "चैतूची."

"चैतूची काऊन?"

"त्याच्या टरामीवर प्लास्टिकच्या खुर्च्या हायत."

"खुर्ची माह्या घरीबी हाय."

"तुह्या टरामीवर कोंबडीची घाण हाय, माय," चैतू मागून म्हणाला, आणि सगळी सभा हसली.

त्या हसण्यानं पुढचं सगळं झालं. नुसते वास्ते असते तर ती कदाचित घरी बसली असती.

त्या दिवशी सकाळी गावानं रूळ झाडून काढले, गवत छाटलं, शेण उचललं. लाइन इतकी चकचकीत झाली, की तिच्यावरून आजवर कोणी गेलं असेल असं पाहणाऱ्याला वाटूच नये. चैतू नवा शेला गुंडाळून साहेबाला आणायला रोडाकडं गेला. तो गेला आणि नीलाबाईनं टराम रुळावर चढवली. वास्त्याच्या टोपल्या, कोंबड्या, मंगरू, सगळं वर.

"पाटील रागावंन वो," मंगरू म्हणाला.

"रागावू दे. तू रेट."

पूल ओलांडला, भरावाचा अर्धा टप्पा झाला आणि समोरून चैतूची टराम आली. दोन्ही अंगांना पाणी, मधे भराव, भरावावर रूळ, आणि रुळावर हे दोघं नाकासमोर नाक. चैतूच्या टरामीवर दोन लाल खुर्च्या. एकीवर छत्री धरून निकेश साहेब, नागपूरकडचा तरणा माणूस, बुटाला चिखल लागू नये म्हणून पाय वर घेतलेला. दुसरीवर गुणवंतराव. ते खुर्चीत बसले नव्हते, खुर्चीनं त्यांना कसंबसं धरून ठेवलं होतं. मांडीवर लोखंड तोलायचा वजनकाटा.

"उतर, बाई," चैतू दबक्या आवाजात म्हणाला. "साहेब हायत."

"माल काय हाय तुह्यावर?"

"अवो, साहेब हायत म्हणलं ना!"

"थे दिसून राह्यलं. माल काय हाय?"

गुणवंतराव पुढं वाकले. खुर्ची कुरकुरली. "ए बाई, बाजू हो. सरकारी काम चालू आहे."

"तुमी कोण जी?"

"मी ठेकेदार. ही लाइन भंगारात जाणार आहे. बंद लाइन आहे ही."

"बंद?" नीलाबाईनं मंगरूकडं पाहिलं. "म्हंजे आपून कुठी उभे हावो?"

साहेबानं चैतूला विचारलं, "आम्ही रोडपासून इथपर्यंत आलो. ही एक बाई सोडली तर कोणी दिसलं नाही. बाकी कोणी वापरत नाही का ही लाइन?"

चैतूनं हात जोडले. पाहुण्याशी गोड बोलायचं एवढंच त्याला पाटलानं पढवलं होतं. "नाई जी. तुमच्यासाठी सारी मोकळी ठेवली."

"ऐकलं ना साहेब?" गुणवंतराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "मोकळी पडली आहे. मी काय म्हणत होतो? असं झाडून-पुसून ठेवलेलं भंगार मी जन्मात पाहिलं नाही."

"तुमी म्हणान तसं जी," चैतू म्हणाला.

तेव्हा नीलाबाईच्या डोक्यात उजेड पडला. गावानं साहेबाला मान दिला, आणि त्या मानापायी गाव आपल्या हातानं आपले रूळ विकून बसलं होतं. झाडू मारून विकले होते! ती टरामीवरून उतरली आणि चैतूला माडिया बोलीत असं काही बोलली, की मंगरूनं कोंबड्यांच्या टोपलीवर फडकं टाकलं. साहेबाला काही कळलं नाही. चैतूला सगळं कळलं आणि तो पांढरा पडला.

मग ती साहेबासाठी मराठीत आली. "साहेब, कायदा आयका. रिकामी टराम उतरते, भरेल जाते. तुमची रिकामी हाय."

"आम्ही तीन माणसं आहोत ना!"

"माणूस माल नाई होत."

"आणि माझं वजन?" गुणवंतराव तावातावानं म्हणाले.

"थे तुमच्या घरचं हाय. बाजारात इकाले नाई आणलं ना तुमी?"

साहेब छत्रीआड हसला. गुणवंतराव उठले, तर खुर्चीही त्यांच्यासोबत उठली. चैतूनं ती मागून ओढून काढली. "मी उचलतो हिची टराम अन् फेकतो पाण्यात," असं म्हणून ते खाली उतरले. नीलाबाई रुळावर फतकल मारून बसली आणि कोंबडी मांडीवर घेतली. "फेका. पयले मले फेका."

हे असं किती वेळ चाललं असतं कोण जाणे. पण तेवढ्यात पुलाकडून चाकांचा खडखडाट आला.

तिकडं गावात असं झालं होतं, की नीलाबाई निघाली तेव्हा शेजारची भागीरथाबाई दारात उभी होती. तिच्याही घरी वास्त्याच्या टोपल्या होत्या. आज बाजारात नीलाबाई एकटी वास्ते घेऊन बसणार आणि मी इथं लाइन मोकळी ठेवून पाहत बसू? तिनं टराम काढली. भागीरथाबाई गेली म्हणून लटारू निघाला, त्याला रेशनचा तांदूळ आणायचा होता आणि टरामीवर मोहाच्या टोळ्या, म्हणजे तेलाच्या बिया, विकायला होत्या. लटारू जातो म्हणून हर्षानं आपला तापलेला सासरा खाटेसकट टरामीवर चढवला, दवाखान्यात न्यायला. त्यामागं आश्रमशाळेच्या पोरी पेट्या घेऊन, त्यामागं बिघडलेलं शिलाई मशीन दुरुस्तीला नेणारी एक म्हातारी. बघता बघता भरावावर टरामीमागं टराम लागली.

"काय झालं वो पुढं?" मागून हाक आली.

"साहेब रिकामे हायत, अन् उतरून नाई राह्यले!" नीलाबाईनं ओरडून सांगितलं.

हे ऐकून सगळ्या लाइनीत जो गलका झाला! साहेब असो की साहेबाचा बाप, रिकामा माणूस उतरत नाही म्हणजे काय? "उतरा जी!" "सासरा माहा तापून राह्यला!" "शाळेची घंटा होईन!" मागच्यानं पुढच्याला ढकललं, पुढच्यानं मागच्याला शिवी घातली, एक बकरी पाण्यात पडली आणि तिला काढायला दोघं उतरले. ती बकरी कोणाची म्हणून साहेबानं मान उंचावून पाहिलं, तर सगळ्यात मागच्या टरामीवर कोलू पाटील. स्वतःच्याच हुकुमाविरुद्ध, बकरी विकायला. चैतूच्या तोंडून "अरे, पाटील!" निघून गेलं.

"पाटील," साहेब म्हणाला, "तुम्हीच ना फोनवर सांगितलं, की आज लाइनवर कोणी नसेल?"

पाटलानं शरमून मुंडी खाली घातली. "तुमच्यासाठी कोणी नाई ठेवलं होतं, साहेब. नाई तं बाजाराच्या दिवशी असंच राहते. याच्याहून जास्त राहते."

मागं जायला जागा नव्हती, बाजूला पाणी होतं. शेवटी कायदा लागू झाला. चैतूनं एक टोक धरलं. दुसरं धरायला कोणी नव्हतं, म्हणून गुणवंतरावांनी धरलं. लोखंड विकत घ्यायला आलेला माणूस लोखंडाचा धुरा पोटाशी कवटाळून भरावाच्या उतारावर उभा राहिला आणि "लवकर जा, लवकर जा," म्हणत राहिला. साहेबानं दोन्ही खुर्च्या डोक्यावर धरल्या.

आणि त्यांच्या नाकासमोरून सगळं गाव गेलं. नीलाबाई सगळ्यांत पुढं, मान ताठ, इकडं-तिकडं न पाहता. मग वास्ते, मोहाच्या टोळ्या, खाट आणि खाटेवरून "जोहार साहेब" म्हणणारा सासरा, पोरींच्या पेट्या, शिलाई मशीन, ओली बकरी. प्रत्येक टरामीला साहेब विचारत होता, कुठं चाललात? नेहमी जाता? आणि प्रत्येकजण आश्चर्यानं सांगत होता, याच्यावरून नाई जाऊ तं कायच्यावरून जाऊ?

टरामींची रांग संपली तेव्हा गुणवंतरावांनी धुरा खाली टाकला. "मग साहेब, लिलावाची तारीख?"

"कोणत्या लाइनीची?" साहेब म्हणाला. "बंद लाइन मला दाखवा, तिची देतो. हिच्यावर तर मला उभं राहायला जागा नाही."

गुणवंतरावांनी बुटातलं पाणी ओतलं.

संध्याकाळी साहेब पाटलाच्या अंगणात वास्त्याची भाजी जेवून बसला. चालू लाइन म्हणून कळवतो, रूळ कोणी काढणार नाही, असं त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं. बाया हसल्या, चैतूनं तर ढोल आणला. नीलाबाई भिंतीला टेकून उभी होती. आजच्या दिवसाची राणी तीच होती आणि तिला ते पुरतं ठाऊक होतं.

"आणखी एक," साहेब खुशीत म्हणाला. "तुमचे हाल मी पाहिले. भरावाच्या मधोमध जोडलाइन टाकून देतो. दोन टरामी आरामात बाजूबाजूनं निघतील. कोणाला कोणासाठी उतरावंच लागणार नाही."

गावानं टाळ्या वाजवल्या. नीलाबाईचं तोंड उतरलं.

"कोणालेच नाई?" तिनं विचारलं.

"कोणालाच नाही, मावशी."

"मंग चैतू माह्यासमोर उतरन कसा?"

"उतरायची गरजच नाही ना!"

तिनं चैतूकडं पाहिलं. चैतू ढोल बडवत होता आणि दात काढत होता. ज्या रुळांसाठी ती आज पाण्याच्या मधोमध बसली, ते राहिले. पण त्या रुळांवर ज्यासाठी ती जगत होती, तेच साहेब काढून नेत होता, तेही बक्षीस म्हणून.

जोडलाइन अजून झालेली नाही. सरकारी काम आहे. आधी माप घ्यायला माणूस आला, मग ते माप हरवलं म्हणून दुसरा आला. सगळा जिल्हा सरकारी कामं लवकर व्हावीत म्हणून मोर्चे काढतो, आणि नीलाबाई पेनापुढं, म्हणजे गावच्या देवापुढं, बसून ते काम लांबावं म्हणून कोंबडं कबूल करते. मंगरूनं एकदा विचारलं, "अवो, झाली लाइन तं बरंच हाय ना? कोंबड्यायले आराम भेटन."

"हाव," ती म्हणाली. "अन् मी काय, घरी बसून तुह्याशी भांडू?"

मंगरूनं क्षणभर विचार केला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः पेनाकडं गेला आणि आपल्यातर्फे आणखी एक कोंबडं कबूल करून आला.